सनद मिळाल्यानंतरचा अभ्यास

कोर्टाच्या आवारात पक्षकारांच्या तोंडून एक प्रश्न वारंवार ऐकू येतो. "वकील बदलायचेत, पण आधीचे वकीलसाहेब फाइल देत नाहीत. फी बाकी आहे म्हणतात. असं अडवून ठेवता येतं का?"

उत्तर सरळ आहे : नाही. बाकी फीसाठी वकील कायदेशीर मार्गाने वसुली करू शकतो, पण पक्षकाराचे कागद तारण म्हणून ठेवून घेण्याचा हक्क त्याला नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००० साली दिला. त्याला पाव शतक उलटलं, तरी प्रश्न संपलेला नाही. म्हणून त्याच्या मागचा खरा प्रश्न विचारायला हवा. वकिलाने कसं वागावं, हे त्याला कोण शिकवतं? आणि कधी?

कॉलेजात शिकवलं जातं, हे खरं. पण तेव्हा त्या विद्यार्थ्याकडे ना पक्षकार असतो, ना फाइल, ना थकलेली फी. दहा वर्षांनी हे सगळं समोर येतं, तेव्हा शिकवणारं कुणी नसतं. हे प्रकरण त्या रिकाम्या जागेविषयी आहे. सनद मिळाल्यानंतर वकिलाने कोणता अभ्यास चालू ठेवायला हवा, त्यात नीती, मन:स्वास्थ्य आणि समावेशकता हे विषय का हवेत, आणि त्यात तुमचा-माझा, म्हणजे पक्षकाराचा, काय संबंध, हे आपण क्रमाने पाहू.

१. सनद कशावर मिळते?

भारतात वकील होण्याच्या तीन पायऱ्या आहेत. पहिली कायद्याची पदवी : बारावीनंतर पाच वर्षांची किंवा पदवीनंतर तीन वर्षांची. दुसरी राज्याच्या बार कौन्सिलकडे नोंदणी. बार कौन्सिल ही १९६१च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टनुसार उभी राहिलेली, वकिलांनीच निवडून दिलेली संस्था. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी ती एकच आहे. तिसरी पायरी म्हणजे बार कौन्सिल ऑफ इंडियाची अखिल भारतीय बार परीक्षा. ही परीक्षा २०१० साली आणली गेली आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ती वैध ठरवली.

पदवीच्या अभ्यासक्रमात व्यावसायिक नीतीचा एक सक्तीचा विषय असतो आणि बार परीक्षेतही त्यावर प्रश्न येतात. पण त्यानंतर काय? समजा, एखादी मुलगी चोविसाव्या वर्षी सनद घेते आणि सत्तराव्या वर्षापर्यंत वकिली करते. ही ४६ वर्षं झाली. या काळात सनद टिकवण्यासाठी अमुक तासांचं शिक्षण घेतलंच पाहिजे, अशी देशव्यापी सक्ती नाही. ४६ वर्षांची शिदोरी कॉलेजातल्या एका पेपरमधून भरून घ्यायची, अशी ही व्यवस्था आहे.

२. डॉक्टर शिकतात, सीए शिकतात, न्यायाधीशही शिकतात

इतर व्यवसायांत असं नाही. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे नोंदणीचं नूतनीकरण करायचं तर डॉक्टरांना पाच वर्षांत ३० क्रेडिट तासांचं शिक्षण पूर्ण केल्याचं दाखवावं लागतं. चार्टर्ड अकाउंटंटांनाही ठरावीक तास भरावे लागतात. न्यायाधीशांसाठी भाईंदरजवळ उत्तनला महाराष्ट्र न्यायिक अकादमी आहे आणि भोपाळला राष्ट्रीय न्यायिक अकादमी. म्हणजे एकाच कोर्टात उंच खुर्चीवर बसलेल्या न्यायाधीशांसाठी प्रशिक्षणाची सोय आहे आणि समोर उभ्या असलेल्या वकिलांचा अभ्यास त्यांच्या मर्जीवर सोडलेला आहे. केरळसारख्या काही राज्यांत बार कौन्सिलची स्वतंत्र अकादमी आहे, ठिकठिकाणी व्याख्यानं आणि परिषदा होतात. पण जो येत नाही, त्याला कुणी विचारत नाही.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. वकील तर रोज शिकतच असतो, त्याला वेगळं काय शिकवायचं? आक्षेपात तथ्य आहे. १ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता आणि तिच्यासोबतचे दोन फौजदारी कायदे लागू झाले. खुनाचं ३०२ कलम १०३ झालं, फसवणुकीचं ४२० कलम ३१८ झालं. तालुक्या-तालुक्यातल्या वकिलांनी पुस्तकं आणली, तक्ते पाठ केले, रात्री जागवल्या. शिकले नसते तर दुसऱ्या दिवशी कोर्टात उभंच राहता आलं नसतं.

कलमं बदलली की न शिकण्याची किंमत लगेच मोजावी लागते. वागण्याचं तसं नसतं. पक्षकाराच्या पैशांचा हिशेब ठेवला नाही, झोपेविना दहा तारखा केल्या, एखाद्या स्त्रीला तिची तक्रार धड सांगूच दिली नाही, तर त्या दिवशी वकिलाचं काही बिघडत नाही. बिघडतं ते पक्षकाराचं, आणि बऱ्याचदा ते त्याला फार उशिरा कळतं.

अलीकडच्या एका निर्णयाने हा मुद्दा आणखी तातडीचा झाला आहे. वकिलाच्या सेवेतल्या त्रुटीबद्दल ग्राहक आयोगाकडे दाद मागता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १४ मे २०२४ रोजी सांगितलं. वकिली हा वेगळ्या प्रकारचा व्यवसाय आहे, हे त्यामागचं तत्त्व. तत्त्व मान्य करू. पण मग बाहेरचं एक दार बंद झाल्यावर आतली शिस्त दुपटीने सांभाळणं ही व्यवसायाची जबाबदारी ठरते.

३. नीती : नियम सोपे, प्रसंग अवघड

वकिलाच्या नीतीचे नियम बार कौन्सिल ऑफ इंडियाने लिहून ठेवले आहेत. त्यांचे प्रमुख गट चार : न्यायालयाशी कसं वागावं, पक्षकाराशी कसं, प्रतिपक्षाशी कसं आणि सहकारी वकिलांशी कसं. वाचायला तासभर पुरतो. कस लागतो तो नियम प्रसंगाला लावताना. तीन उदाहरणं पाहू.

पहिलं उदाहरण लोकांच्या आवडत्या प्रश्नाचं. "गुन्हा केलाय हे माहीत असूनही वकील आरोपीची बाजू कशी घेतो?" नियम सांगतो की आरोपीच्या दोषाबद्दल वकिलाचं स्वत:चं मत काहीही असो, त्याने बचाव करावा. कारण पुरेशा पुराव्याशिवाय कुणालाही शिक्षा होऊ नये, असं कायद्याला अपेक्षित आहे आणि वकिलाची निष्ठा कायद्याशी आहे. आता प्रसंग थोडा बदलू. आरोपी म्हणाला, "त्या रात्री मी तिथे होतो." ही झालेल्या गोष्टीची कबुली आहे. ती वकिलाने पोटात ठेवायची. भारतीय साक्ष अधिनियमातलं कलम १३२ तिला संरक्षण देतं. पण तोच आरोपी म्हणाला, "मी त्या दिवशी नागपूरला होतो, असं दाखवणारं खोटं बिल बनवू या," तर ही पुढे करायच्या गैरकृत्याची योजना झाली. तिला हे संरक्षण नाही आणि वकिलाने तिच्यात सामील होणं हा गैरवर्तनाचा कळस. बोलणारा तोच, ऐकणारा तोच, खोलीही तीच, तरी दोन वाक्यांमधून एक लक्ष्मणरेषा गेलेली आहे. ती समोर पक्षकार बसलेला असताना ओळखावी लागते.

दुसरं उदाहरण पैशांचं. रस्ते अपघातात घरातला कर्ता माणूस गेला. भरपाईचा अर्ज करायचा आहे. वकील म्हणतात, "आता काही देऊ नका. मिळाले तर वीस टक्के द्या." घरच्यांना हे सोयीचं वाटतं. आठ लाख मंजूर झाले की वकिलांचे एक लाख साठ हजार. भारतात अशा टक्केवारीला नियमाने बंदी आहे. कारण त्या क्षणापासून वकील पक्षकाराचा भागीदार होतो. समोरच्या विमा कंपनीने आज पाच लाखांत तडजोड देऊ केली, तर ती घ्यावी की लढत राहावं, हा सल्ला देताना त्याच्या डोळ्यांपुढे पक्षकाराची गरज आहे की स्वत:चा वाटा, हे सांगता येत नाही. अमेरिकेत अनेक दिवाणी प्रकरणांत अशी टक्केवारी चालते. म्हणजे काय योग्य हे केवळ अंत:करणाच्या आवाजावर ठरत नाही. आपल्या व्यवस्थेने काय ठरवलं आहे आणि का, हे शिकावं लागतं.

तिसरं उदाहरण अगदी आजचं. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका न्यायालयात वकिलांनी सादर केलेले काही निवाडे अस्तित्वातच नव्हते. ते चॅटजीपीटीने रचलेले होते आणि वकिलांनी पडताळून पाहिले नव्हते. न्यायालयाने त्यांना पाच हजार डॉलरचा दंड केला. न्यायालयाची दिशाभूल करू नये हा नियम शेकडो वर्षांचा आहे. पण तो मोडण्याची ही नवी रीत त्या वकिलांच्या कॉलेजच्या दिवसांत जन्मालाच आलेली नव्हती. नियम जुना राहतो आणि प्रसंग नवे येतात, म्हणून एकदाच शिकून भागत नाही.

मुंबईच्या इतिहासातही एक ठळक प्रसंग आहे. मॅजिस्ट्रेट कोर्टाच्या दारात काही वकील उभे राहत, येणाऱ्या पक्षकारावर झडप घालत, एकमेकांच्या हातून काम हिसकावत आणि फी पाडून सांगत. शिस्तभंगाचं हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. वकिलांवरची कारवाई रद्द झाली तर राज्याची बार कौन्सिल स्वत: अपील करू शकते का, हा प्रश्न सात न्यायाधीशांच्या पीठापुढे आला आणि १९७५ साली उत्तर मिळालं : करू शकते, कारण व्यवसायाची प्रतिष्ठा राखणं हे तिचं काम आहे. या प्रसंगाकडे आज पाहताना मात्र आणखी एक प्रश्न विचारायला हवा. दारात उभं राहण्याची वेळ माणसावर का येते? लोभ हे एक कारण. रिकामा खिसा आणि पोटाची भीती हे दुसरं. इथून आपण पुढच्या विषयाकडे जातो.

४. मन:स्वास्थ्य : थकलेल्या वकिलाची किंमत कोण मोजतं?

जिल्हा आणि तालुका न्यायालयांत मिळून चार कोटींहून अधिक खटले प्रलंबित आहेत. त्या प्रत्येकाच्या मागे पक्षकाराची चिंता असते आणि ती चिंता रोज वकिलाच्या टेबलावर येऊन पडते. कौटुंबिक न्यायालयातला वकील दिवसभर तुटणाऱ्या संसारांच्या कहाण्या ऐकतो. पोक्सोची प्रकरणं चालवणारी वकील लहान मुलांवरच्या अत्याचाराचे जबाब पुन:पुन्हा वाचते. अपघाताची प्रकरणं करणाऱ्याच्या फायलीत शवविच्छेदनाचे अहवाल आणि फोटो असतात. दुसऱ्याच्या आघाताशी असा रोजचा संबंध आला की त्याची झळ ऐकणाऱ्यालाही बसते. झोप उडते, चिडचिड वाढते आणि एखादी फाइल उघडायचीच नको वाटते.

हे शेवटचं लक्षण पक्षकाराच्या दृष्टीने सर्वांत धोक्याचं. हिशेब करून पाहू. दिवाणी न्यायालयाने ३ मार्चला तुमच्याविरुद्ध हुकूमनामा केला. जिल्हा न्यायालयात अपील करायला ३० दिवसांची मुदत असते. निकालाचा दिवस सोडला तर ती २ एप्रिलला संपते. नक्कल मिळण्यात गेलेले दिवस त्यात मिळवता येतात. वकील मनाने खचलेले आहेत. फाइल कपाटात आहे, तुमच्या फोनला "करतो, करतो" एवढंच उत्तर येतं. मे महिना उजाडतो. आता अपिलासोबत विलंब माफीचा अर्ज द्यावा लागतो, समोरच्याला नोटीस जाते, त्यावर तारखा पडतात. तोवर समोरचा हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी दरखास्त दाखल करतो आणि बेलिफ दारात येतो. वकिलाला कायदा माहीत नव्हता का? पुरता माहीत होता. त्याची बुद्धी शाबूत होती, शक्ती संपली होती.

या विषयाचा मोठा अभ्यास अमेरिकेत झाला आणि तो २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात १२,८२५ वकिलांची माहिती गोळा केली होती. सुमारे २१ टक्के वकिलांचं मद्यपान घातक पातळीवर होतं, २८ टक्क्यांमध्ये नैराश्याची आणि १९ टक्क्यांमध्ये चिंताविकाराची लक्षणं दिसली. घातक मद्यपानाचं प्रमाण वकिलीच्या पहिल्या दहा वर्षांत सर्वाधिक होतं. मदत का घेत नाही, याचं कारण म्हणून वकिलांनी ठळकपणे सांगितलं की कुणाला कळेल याची भीती वाटते.

हे आकडे तिकडचे आहेत आणि ते जसेच्या तसे इकडे लावता येणार नाहीत. भीती मात्र आपल्या बार रूमला अनोळखी नाही. वकिलाचं सगळं भांडवल म्हणजे त्याची पत. "त्यांचं हल्ली डोकं ठिकाणावर नाही," एवढं एक वाक्य कँटीनमध्ये फिरलं तरी काम आटतं. म्हणून अमेरिकेत वकील साहाय्य योजनांना गोपनीयतेचं कुंपण घातलेलं आहे. एरवी सहकाऱ्याच्या गंभीर गैरवर्तनाची माहिती कळवणं तिथल्या आदर्श नियमांनुसार वकिलाचं कर्तव्य असतं. पण मान्यताप्राप्त साहाय्य योजनेत काम करताना कळलेली गोष्ट त्यातून वगळली आहे. मदत मागणारा माणूस मदत मागितल्यामुळेच अडचणीत येऊ नये, एवढाच त्यामागचा विचार.

आपल्याकडे वकिलांसाठी कल्याण निधी आहे, पण त्याची धाव मुख्यत: आजारपण, मृत्यू आणि आर्थिक साहाय्य यांपर्यंत आहे. मनाचं दुखणं लवकर ओळखायला शिकवणारी सोय अजून उभी राहायची आहे. ती येईपर्यंत निदान एवढं तरी प्रत्येक बार रूमच्या फलकावर लागायला हवं : टेली-मानस ही सरकारी मोफत मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

५. समावेशकता : टेबलाच्या दोन्ही बाजूंना

समावेशकता म्हणजे ज्यांना आजवर दाराबाहेर ठेवलं गेलं, त्यांना आत बरोबरीची जागा. वकिलीत या दाराला दोन बाजू आहेत. वकिलाच्या खुर्चीवर कोण बसू शकतं, ही एक. समोरच्या खुर्चीवर बसलेल्या पक्षकाराला कसं वागवलं जातं, ही दुसरी.

पहिली बाजू पाहू. नाशिकला जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ साली ऑक्सफर्डची कायद्याची परीक्षा दिली. तरी स्त्रियांना वकिलीचा रस्ता मोकळा करणारा कायदा भारतात यायला १९२३ साल उजाडावं लागलं. त्याच १९२३ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईत बॅरिस्टर म्हणून सुरुवात केली. तेव्हाच्या मुंबई उच्च न्यायालयात बॅरिस्टरकडे काम सॉलिसिटरमार्फत यायचं, आणि अस्पृश्यतेच्या भावनेमुळे सॉलिसिटर त्यांच्याकडे काम आणत नसत. कोलंबिया आणि लंडनमध्ये शिकलेल्या माणसाला जिल्ह्याच्या ठिकाणची कामं शोधावी लागली. कायद्याचं दार उघडलं तरी माणसांनी ते लोटून धरलं होतं.

आज हे दार पैशांनी लोटलं जातं. अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टनुसार नोंदणीचं शुल्क सर्वसाधारण उमेदवाराला ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराला १२५ रुपये आहे. प्रत्यक्षात अनेक राज्यांच्या बार कौन्सिल वेगवेगळ्या नावांनी हजारो रुपये घेत होत्या. ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे थांबवलं आणि अशा शुल्कामुळे वंचित घटकांवर अन्याय होतो, हे स्पष्ट सांगितलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने ज्युनिअर वकिलांना शहरी भागात दरमहा किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये विद्यावेतन द्यावं, अशी शिफारस केली. ही शिफारस आहे, सक्ती नाही. घरात आधीचा वकील नसलेल्या शेतमजुराच्या मुलीला पहिली पाच वर्षं काढता येतील का, हे मात्र या विद्यावेतनावरच ठरतं. देशातल्या नोंदणीकृत वकिलांत स्त्रियांचं प्रमाण साधारण १५ टक्के आहे, यामागचं एक कारण इथेही आहे.

आता दुसरी बाजू. २०२० साली मध्य प्रदेशात विनयभंगाच्या एका प्रकरणात जामीन देताना अट घातली गेली की आरोपीने तक्रारदार स्त्रीच्या घरी मिठाई घेऊन जावं आणि तिला राखी बांधण्याची विनंती करावी. जिच्या घरात घुसून तिला त्रास दिल्याचा आरोप, तिच्याच घरी त्या माणसाला कोर्टाच्या आदेशाने पाठवायचं! मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही अट रद्द केली. तेवढ्यावर न थांबता न्यायाधीशांच्या प्रशिक्षणात लिंगभाव-संवेदनशीलतेचा भाग असावा आणि बार परीक्षेच्या अभ्यासक्रमातही हे विषय सक्तीने यावेत, असे निर्देश दिले. ऑगस्ट २०२३ मध्ये न्यायालयाने स्त्रियांविषयीच्या साचेबद्ध समजुतींवर एक पुस्तिकाही काढली. पण बार परीक्षा नव्या वकिलांना असते. तीस वर्षं उलटतपास घेणाऱ्या सिनिअरपर्यंत हे कसं पोहोचणार? तिथे चालू शिक्षणाशिवाय दुसरी वाट नाही.

बारच्या आतल्या वागण्याचाही इथे संबंध आहे. पुण्यातल्या कार्यकर्त्या मेधा कोतवाल लेले यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकरणात २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने बार असोसिएशन आणि वकिलांनीही कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धची विशाखा मार्गदर्शक तत्त्वं पाळावीत, याची जबाबदारी बार कौन्सिल ऑफ इंडियावर टाकली.

आणि भाषा? मेळघाटातला पक्षकार कोरकू बोलतो, गडचिरोलीतला माडिया किंवा गोंडी, नंदुरबारच्या डोंगरातला पावरी. तो मराठीत मान डोलावतो, याचा अर्थ त्याला कागदावरचं कळलं असा होत नाही. दुभाष्यामार्फत कसं विचारावं, अंगठा घेण्याआधी मजकूर कसा समजावून सांगावा, बहिऱ्या किंवा अंध पक्षकाराशी कसं बोलावं, ही कौशल्यं आहेत. ती शिकवता येतात आणि शिकवली पाहिजेत.

६. तीन नावं, विषय एक

आता हे तिन्ही धागे एकत्र आणू. एसटीच्या चालकाचा विचार करा. त्याला वाहतुकीचे नियम पाळता आले पाहिजेत, त्याची झोप झालेली असली पाहिजे आणि थांब्यावर हात दाखवणाऱ्या प्रत्येकासाठी त्याने गाडी थांबवली पाहिजे. यातलं एक जरी नसलं तरी प्रवास फसतो. नियम पाठ असलेला पण डुलक्या घेणारा चालक गाडी खड्ड्यात घालतो. तरतरीत, पण माणसं पाहून थांबणारा चालक काहींना रस्त्यावरच ठेवतो.

वकिलाचंही असंच आहे. विद्यावेतनाविना राबलेला ज्युनिअर कर्जात बुडतो. नैराश्यात हिशेब लिहायचा राहतो. मग पक्षकाराची आलेली रक्कम "दोन दिवसांसाठी" वापरली जाते आणि ते गैरवर्तनाचं प्रकरण होतं. वरून पाहता हा नीतीचा प्रश्न वाटतो, पण त्याचं मूळ मन:स्वास्थ्यात आणि त्याही आधी समावेशकतेच्या अभावात होतं. तसंच, ज्या स्त्रीला वकिलाच्या ऑफिसात अपमान सहन करावा लागला, ती अर्धी हकिकत गिळून टाकते. अर्ध्या माहितीवर उभा राहिलेला दावा उलटतपासात कोसळतो. इथे समावेशकतेची उणीव थेट कामाच्या दर्जावर आली. म्हणून हे विषय शिकवताना वेगवेगळ्या दिवशीची तीन व्याख्यानं ठेवून चालत नाही. एकाच प्रसंगात तिन्ही शोधायला शिकवावं लागतं.

७. जगाने काय करून पाहिलं?

अमेरिकेत मिनेसोटा राज्याने १९७५ साली वकिलांचं चालू शिक्षण सक्तीचं केलं. तिथे दर तीन वर्षांत ४५ तास भरावे लागतात आणि त्यांत नीतीचे ३ व भेदभाव निर्मूलनाचे २ तास ठरवून दिले गेले. न्यूयॉर्कमध्ये अनुभवी वकिलांना दोन वर्षांत २४ तास लागतात. त्यांत नीतीचे ४ तास, २०१८ पासून विविधता आणि समावेशकतेचा १ तास आणि २०२३ पासून माहिती-सुरक्षेचा १ तास. अमेरिकन बार असोसिएशनने २०१७ साली आपल्या नमुना नियमांत दर तीन वर्षांत मानसिक आरोग्य आणि व्यसनाधीनता या विषयाचा किमान एक तास असावा, असं सुचवलं.

इंग्लंडने उलटा रस्ता धरला. तिथल्या सॉलिसिटरांना वर्षाला १६ तास भरावे लागत. नोव्हेंबर २०१६ पासून ही अट काढून टाकण्यात आली. आता प्रत्येकाने स्वत:च्या कामाकडे पाहून काय शिकायला हवं ते ठरवायचं, शिकायचं आणि तसं केल्याचं दरवर्षी जाहीर करायचं.

दोन्हींत शहाणपण आहे. तास मोजले की सगळ्यांना यावं लागतं, पण हजेरी लावून मागच्या रांगेत फोन पाहणाऱ्याचं काही बदलत नाही. आत्मपरीक्षणावर सोडलं की प्रामाणिक माणूस खोलवर शिकतो, पण ज्याला सर्वांत जास्त गरज, तोच निसटतो. आपल्याला थोडे तास सक्तीचे आणि त्या तासांत खरा विचार, असा मेळ घालता येईल.

८. तालुक्याच्या बार रूममध्ये

त्यासाठी पंचतारांकित सभागृह लागत नाही. दहा-बारा वकील, एक प्रसंग, एक तास आणि मराठी भाषा एवढं पुरे. उदाहरणार्थ, हा प्रसंग घ्या : "भरपाईची रक्कम वकिलाच्या खात्यात आली आहे. पक्षकार निरक्षर विधवा आहे. वकिलाच्या मुलाच्या फीची आज शेवटची तारीख आहे." मग तीन प्रश्न. नियम काय सांगतो? या वकिलावर कोणता ताण आहे आणि त्याने तो कुणाला सांगायला हवा होता? त्या विधवेला हिशेब समजेल अशा रीतीने कसा द्यायचा? सर्वांत तरुण सदस्याने आधी बोलायचं, सिनिअरने शेवटी, म्हणजे मोकळेपणा राहतो. खोलीतलं खोलीतच ठेवायचं. वर्षातून असे सहा तास.

सहा तास म्हणजे किती? ४६ वर्षांच्या वकिलीत २७६ तास. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाचं एक सत्र किमान १५ आठवड्यांचं, आठवड्याला किमान ३० तासांचं, म्हणजे ४५० तासांचं असतं. संपूर्ण हयातीत मिळून कॉलेजच्या एका सत्रापेक्षाही कमी वेळ आपण मागतो आहोत. वेळ नाही, ही सबब इथे टिकत नाही.

पक्षकार म्हणून तुम्हीही काही करू शकता. दिलेल्या पैशांचा हिशेब मागा. टक्केवारीचा करार नाकारा. वकील बदलताना फाइल हक्काने मागा. सगळं समजल्याशिवाय सही करू नका. गंभीर गैरवर्तन असेल तर राज्याच्या बार कौन्सिलकडे अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टच्या कलम ३५ खाली तक्रार करता येते. समज देण्यापासून सनद काढून घेण्यापर्यंतची शिक्षा तिथे होऊ शकते. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि कोठडीतल्या व्यक्ती यांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक १५१०० आहे.

मात्र शिक्षा चूक झाल्यावर येते आणि तोवर पक्षकाराचं व्हायचं ते नुकसान झालेलं असतं. चूक होण्याआधी पोहोचतं ते शिक्षण. बार कौन्सिलचे सदस्य वकिलांच्याच मतांनी निवडून येतात. दर निवडणुकीत उमेदवार बार रूममध्ये येतात, हात जोडतात, मत मागतात. त्या वेळी प्रत्येक वकिलाने त्यांना एकच प्रश्न विचारावा : नीती, मन:स्वास्थ्य आणि समावेशकता यांच्या वर्षाला सहा तासांच्या सक्तीच्या शिक्षणाला तुमचा पाठिंबा आहे का? ज्याचं उत्तर "हो" असेल, त्यालाच मत द्यावं.